लहान मुलांचे डायलिसिस : उमरग्यापासून किती दूर?

मूत्रपिंडाचा विकार हा मोठ्यांचा, त्यातही मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांचा आजार आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. नवजात अर्भकापासून शाळकरी मुलांपर्यंत कोणालाही हा विकार होऊ शकतो आणि त्यांपैकी काहींना डायलिसिसची गरज भासते. मात्र मुलांचे डायलिसिस म्हणजे मोठ्यांच्या डायलिसिसची छोटी आवृत्ती नव्हे. यंत्र, नळ्या, औषधांचे प्रमाण, आहार आणि प्रयोगशाळेच्या अहवालातील आकडे या सगळ्यांचे माप येथे वेगळे असते. महानगरात हा फरक फारसा जाणवत नाही. तालुक्याच्या गावी मात्र त्यावरच मुलाचे भवितव्य ठरते.

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा हे असेच एक तालुक्याचे गाव. सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेले, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेले. येथून सोलापूर शंभर कि.मी.च्या आसपास, लातूर त्याहून थोडे जवळ, हैदराबाद दोनशे कि.मी.हून अधिक, तर मुंबई सुमारे ५०० कि.मी. दूर आहे. मूत्रपिंड कायमचे निकामी झालेल्या मुलाला साधारणपणे आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास यंत्रावरील डायलिसिस घ्यावे लागते. म्हणजे वर्षाला १५६ खेपा. सोलापूरला जाऊन-येऊन २०० कि.मी. धरले, तर वर्षभरात ३१ हजार कि.मी.हून अधिक प्रवास होतो. आठवड्यातील तीन दिवस मुलाची शाळा बुडते आणि आई किंवा वडील यांपैकी एकाची मजुरी बुडते. उपचार मोफत मिळाले तरी ही किंमत चुकत नाही.

मूत्रपिंड काय करते?

दोन्ही मूत्रपिंडे मिळून रक्तातील युरिया, क्रिएटिनिन यांसारखी टाकाऊ द्रव्ये लघवीवाटे बाहेर टाकतात. शरीरातील पाणी, मीठ, पोटॅशियम आणि आम्लता यांचा तोल राखतात. रक्तदाबाचे नियंत्रण, तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती आणि हाडांसाठी 'ड' जीवनसत्त्व उपयुक्त स्वरूपात आणणे ही कामेही त्यांचीच. म्हणूनच मूत्रपिंड दुबळे झालेले मूल केवळ सुजत नाही. त्याची उंची खुंटते, रक्त कमी होते, हाडे वाकतात. डायलिसिस यांपैकी पहिली दोन कामे काही अंशी करते. उरलेल्या कामांसाठी औषधे आणि इंजेक्शने द्यावीच लागतात.

मुलांमध्ये कारणे वेगळी

मूत्रपिंड निकामी होण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला अचानक उद्भवणारा. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी होणे, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ती जुलाबानंतर होणारा रक्तपेशी व मूत्रपिंड यांचा विकार आणि सर्पदंश ही त्याची प्रमुख कारणे. शेतशिवारात आढळणाऱ्या घोणसाच्या विषाने मूत्रपिंडाला गंभीर इजा होते. भूकंपात ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांच्या चिरडलेल्या स्नायूंतून विषारी द्रव्ये व पोटॅशियम रक्तात उतरतात आणि त्यामुळेही मूत्रपिंड बंद पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची झळ सोसलेल्या उमरगा परिसराला ढिगाऱ्याखाली अडकणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. या प्रकारात महत्त्वाची गोष्ट अशी, की काही दिवस किंवा काही आठवडे डायलिसिसचा आधार मिळाला तर अनेक मुलांचे मूत्रपिंड पुन्हा काम करू लागते. येथे वेळेवर मिळालेले डायलिसिस म्हणजे संपूर्ण आयुष्य परत मिळणे होय.

दुसरा प्रकार हळूहळू वाढणारा व कायमचा. मोठ्यांत त्यामागे मधुमेह आणि रक्तदाब असतात. मुलांत मात्र मूत्रपिंड व मूत्रमार्गाच्या जन्मजात विकृती हे मोठे कारण आहे. काही मुलग्यांमध्ये मूत्रनलिकेत जन्मतः पडदा असतो. लघवी अडते, तिचा दाब उलट मूत्रपिंडावर पडतो. काही मुलांत मूत्राशयातील लघवी उलट वर चढते आणि वारंवार जंतुसंसर्ग होऊन मूत्रपिंडावर व्रण पडतात. 'नेफ्रॉटिक सिंड्रोम' या विकारात लघवीवाटे प्रथिने जाऊन मूल सुजते. यातील बहुतेक मुले स्टिरॉइडच्या उपचाराने सुधारतात. ज्यांच्यावर स्टिरॉइडचा परिणाम होत नाही, त्यांच्यापैकी काहींचे मूत्रपिंड पुढे निकामी होते.

खोकल्याच्या औषधाचा धडा

अचानक मूत्रपिंड बंद पडण्याचे एक कारण पूर्णपणे मानवनिर्मित आहे. डायइथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे रसायन औषधात मिसळले गेले, तर ते थेट मूत्रपिंडावर आघात करते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये अशाच भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्याच्या चौकशीसाठी न्या. लेंटिन आयोग नेमण्यात आला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची भीषण पुनरावृत्ती झाली. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेल्या लहान मुलांची लघवी बंद होऊ लागली. त्यातील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले. वीसहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधाच्या नमुन्यात या रसायनाचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. त्यानंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे बजावले. दुकानातून परस्पर घेतलेली बाटली हा मूत्रपिंडाच्या आजारातील दखलपात्र प्रश्न आहे, हे या घटनेने पुन्हा दाखवून दिले.

मोठ्यांचे यंत्र, मुलाचे रक्त

यंत्रावरील डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर काढून 'डायलायझर' या गाळणीतून फिरवतात आणि शुद्ध करून परत सोडतात. नेदरलँड्समधील डॉक्टर विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये असे पहिले उपयुक्त यंत्र वापरात आणले. मुलांच्या बाबतीत अडचण आहे ती रक्ताच्या प्रमाणाची. मुलाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ८० मि.ली. रक्त असते. १० किलो वजनाच्या मुलात ते जेमतेम ८०० मि.ली. भरते. यापैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्त एका वेळी शरीराबाहेर असू नये, असा नियम आहे. म्हणजे या मुलासाठी गाळणी व नळ्या मिळून ८० मि.ली.च्या आत बसायला हव्यात. मोठ्यांच्या संचात साधारण २०० मि.ली. रक्त मावते. तो संच या मुलाला लावला तर त्याचे एक चतुर्थांश रक्त बाहेर जाईल आणि रक्तदाब कोसळेल. म्हणून मुलांसाठी लहान आकाराची गाळणी, बारीक नळ्या, लहान कॅथेटर आणि शरीरातून काढलेल्या पाण्याचे अचूक मोजमाप करणारे यंत्र लागते. अगदी लहान बाळासाठी संच आधी रक्तपेढीच्या रक्ताने भरून घ्यावा लागतो.

त्याहून अवघड असते ती माणसांची उपलब्धता. चार तास सुईला खिळून पडणे तीन वर्षांच्या मुलाला समजावणे, त्याचा रक्तदाब दर काही मिनिटांनी पाहणे, ते गप्प झाले तर कंटाळले की घेरी आली, हे ओळखणे यासाठी बालरुग्णांची सवय असलेली परिचारिका हवी. देशात बालमूत्रपिंडविकार ही स्वतंत्र शाखा असली, तरी तिचे तज्ज्ञ प्रामुख्याने महानगरांत आहेत. मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, बंगळुरूत सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय ही या क्षेत्रातील जाणती केंद्रे होत. तालुका किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिस केंद्र आहे, याचा अर्थ तेथे १० किलोच्या मुलाचे डायलिसिस होऊ शकते, असा होत नाही.

पोटातील डायलिसिस

दुसऱ्या पद्धतीत रक्त शरीराबाहेर येतच नाही. पोटातील आतड्यांभोवती उदरावरण नावाचे पातळ आवरण असते. शस्त्रक्रियेने बसवलेल्या मऊ नळीतून पोटात निर्जंतुक द्रव सोडतात. काही तासांत रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी आवरणातून त्या द्रवात उतरतात. मग तो द्रव काढून टाकून नवा भरतात. दिवसातून अशा साधारण ४ अदलाबदली कराव्या लागतात. वजनाच्या तुलनेत लहान बाळाच्या उदरावरणाचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट असते, त्यामुळे ही पद्धत बाळांना विशेष मानवते. द्रव किती भरायचा हे मुलाच्या शरीराच्या आकारमानावरून डॉक्टर ठरवतात.

उमरग्यासारख्या ठिकाणी या पद्धतीचे मोल अधिक आहे. ती घरी करता येते. आई-वडिलांना रुग्णालयात एक-दोन आठवडे प्रशिक्षण दिले की ते ही प्रक्रिया स्वतः करू शकतात. द्रव गुरुत्वाकर्षणाने चढतो-उतरतो, म्हणून हाताने करावयाच्या अदलाबदलीला वीज लागत नाही. मूल शाळेत जाऊ शकते. रुग्णालयाची वारी साधारण महिन्यातून एकदा होते. वर्षाच्या १५६ खेपांऐवजी १२ ते १५.

अचानक मूत्रपिंड बंद पडलेल्या मुलासाठीही हीच पद्धत खाटेवर, मोठ्या यंत्राशिवाय वापरता येते. तयार द्रवाच्या पिशव्या नसतील, तेव्हा रिंगर लॅक्टेटमध्ये ठरावीक प्रमाणात ग्लुकोज मिसळून प्रशिक्षित डॉक्टरांनी तो निर्जंतुक रीतीने तयार करण्यास आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही मान्यता दिली आहे. गरीब देशांतील डॉक्टर-परिचारिकांना हे तंत्र शिकवण्यासाठी मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटना २०१२ पासून एकत्रितपणे उपक्रम राबवत आहेत. साप चावलेले किंवा जुलाबाने अत्यवस्थ झालेले मूल मोठ्या शहरात पोहोचेपर्यंतचा वेळ वाचवणारे हे तंत्र आहे.

पाणी, जागा आणि स्वच्छता

यंत्रावरील डायलिसिसच्या एका बैठकीला मिनिटाला ५०० मि.ली. द्रव धरला, तर ४ तासांत १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. ते गाळून मिळवताना वाया जाणारे पाणी वेगळेच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. मराठवाड्यात डायलिसिस केंद्राचे नियोजन करताना पाण्याचा हा हिशेब सर्वांत आधी मांडावा लागतो.

घरच्या डायलिसिसला पाणी कमी लागते, पण ते स्वच्छ व वाहते हवे. प्रत्येक अदलाबदलीपूर्वी साबणाने व्यवस्थित हात धुणे, तोंडाला मास्क बांधणे, दारे-खिडक्या व पंखा बंद ठेवणे या गोष्टींत तडजोड चालत नाही. त्यात चूक झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. बाहेर येणारा द्रव गढूळ दिसणे, पोटदुखी आणि ताप ही त्याची लक्षणे. अशा वेळी गढूळ द्रवाची पिशवी सोबत घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शिवाय दिवसाला ४ याप्रमाणे महिन्याला १२० पिशव्या लागतात. त्या ठेवण्यासाठी कोरडी, उन्हापासून दूर अशी जागा दोन खोल्यांच्या घरात काढावी लागते आणि पिशव्यांचा पुरवठा एकदाही खंडित होऊन चालत नाही. ही पद्धत सोपी आहे, पण ती सगळा भार आईवर टाकते. म्हणून घरातील दुसऱ्या व्यक्तीनेही प्रशिक्षण घेणे शहाणपणाचे ठरते.

आहार, वाढ आणि शाळा

आजारी मुलाला नारळपाणी, फळांचा रस देण्याची आपल्याकडे रीत आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या मुलाच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. नारळपाणी, केळी, संत्री, आंबा, सुका मेवा यांत पोटॅशियम जास्त असते आणि रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदय अचानक थांबू शकते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात शिजवाव्यात व ते पाणी टाकून द्यावे. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठ टाळावे. दुसरीकडे, 'मूत्रपिंडाचा आजार म्हणजे डाळ बंद' हा सल्ला डायलिसिसवरील मुलाला लागू नाही. त्याला वाढीसाठी प्रथिने लागतात आणि पोटातील डायलिसिसमध्ये काही प्रथिने द्रवावाटे वाहूनही जातात. भाकरी, वरण, अंडे, दूध यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून मुलाच्या वजनानुसार ठरवून घ्यावे.

रक्तवाढीची इंजेक्शने, 'ड' जीवनसत्त्व, फॉस्फरस रोखणाऱ्या गोळ्या आणि हिपॅटायटिस 'बी'सह सर्व लसी हे उपचाराचे अविभाज्य भाग आहेत. शाळा सोडू देऊ नये. डायलिसिसवरील मूल वर्गात बसू शकते. शिक्षकांना पाणी व डब्याचे पथ्य आणि नळीची काळजी एवढी माहिती दिली की पुरते.

अंतिम उपाय प्रत्यारोपणच

मुलांच्या बाबतीत डायलिसिस हा मुक्काम नसून पूल आहे. वाढ, शिक्षण आणि आयुर्मान या तिन्ही दृष्टींनी मूत्रपिंड प्रत्यारोपण श्रेष्ठ ठरते. साधारण १० किलो वजन झाले की अनेक केंद्रे त्याचा विचार करतात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आजी-आजोबांनाही जवळच्या नातलगांत स्थान मिळाले. रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना परस्परांत दात्यांची अदलाबदल करण्याची मुभाही मिळाली. नात्यातील दाता नसल्यास मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवासाठी प्रतीक्षा यादीत नाव नोंदवता येते. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत. प्रत्यारोपणानंतरही औषधे कायमची घ्यावी लागतात. किशोरवयात ती चुकवली गेल्याने मिळालेले मूत्रपिंड गमावण्याचे प्रसंग घडतात.

आर्थिक आधार कोठे?

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, असे तेव्हा सांगण्यात आले. जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस देणे हा कार्यक्रमाचा गाभा होता. २०१९ मध्ये त्यात पोटातील डायलिसिसचाही समावेश करणारी मार्गदर्शक तत्त्वे आली. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली) डायलिसिसला आधार देते. २०२३ च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांवर आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांवर नेली. कोणत्या रुग्णालयात मुलांसाठी कोणती सेवा मिळते, याची विचारणा तेथील आरोग्यमित्राकडे करावी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. एस.टी. व रेल्वेच्या प्रवासातही डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे.

तालुक्यातच टाळता येण्याजोगे

सर्वांत मोठी संधी मात्र डायलिसिसच्या आधी, तालुक्याच्या पातळीवरच असते. गरोदरपणातील सोनोग्राफीत बाळाच्या मूत्रपिंडांना सूज दिसली, तर जन्मानंतर त्याची तपासणी झालीच पाहिजे. लघवीची साधी तपासणी व रक्तदाब मोजणे कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात शक्य आहे. त्यासाठी फक्त मुलांच्या दंडाच्या मापाचा पट्टा हवा. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. उंची न वाढणारे, फिकट मूल तेथे हेरले जाऊ शकते.

रक्ततपासणीचा अहवाल वाचतानाही मुलाचे माप वेगळे ठेवावे लागते. समजा, ८५ सें.मी. उंचीच्या दोन वर्षांच्या मुलाचे क्रिएटिनिन १.० आले. अहवालावर मोठ्यांची मर्यादा छापलेली असेल तर हा आकडा 'नॉर्मल' वाटतो. पण मुलांसाठी रूढ असलेल्या सूत्रानुसार (उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागणे) कार्यक्षमता सुमारे ३५ येते. निरोगी मुलात ती ९० किंवा त्याहून अधिक असते. म्हणजे 'नॉर्मल' म्हणून फाईलमध्ये ठेवलेला कागद प्रत्यक्षात मूत्रपिंडाची निम्म्याहून अधिक क्षमता गेल्याचे सांगत असतो. तो त्याच दिवशी नीट वाचला गेला, तर त्या मुलाचे डायलिसिस कित्येक वर्षे पुढे ढकलता येते, कदाचित टळतेही. त्यासाठी उमरग्याबाहेर एक कि.मी.ही जावे लागत नाही.

या लक्षणांकडे दुर्लक्ष नको

- बाळाला ६ ते ८ तास, मोठ्या मुलाला १२ तास लघवी न होणे.
- सकाळी उठल्यावर पापण्यांवर सूज; पाय वा पोट फुगणे.
- लघवीला फेस येणे, ती लाल किंवा कोकमासारखी दिसणे.
- मुलग्याची लघवीची धार बारीक असणे, थेंबथेंब होणे.
- तान्ह्या बाळाला कारण न सापडणारा ताप वारंवार येणे. अशा वेळी लघवीची तपासणी आवश्यक.
- वयाच्या मानाने उंची न वाढणे, फिकटपणा, पाय वाकणे.
- जुलाब-उलट्यांत क्षारसंजीवनी लगेच सुरू करावी. वेदनाशामक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत.
- साप चावल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि पुढील दिवसांत लघवीच्या प्रमाणाकडे लक्ष ठेवावे.
- मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या मुलाच्या मनगटाच्या व हाताच्या शिरा जपाव्यात. पुढे यंत्रावरील डायलिसिससाठी त्यांची गरज भासते.